थोरलीच्या उजव्या पात्यातली खाच

९ जानेवारी

मावशी,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत शिळं झालेलं असेल. बेटावर फोन चालत नाही. दर दहा दिवसांनी डिझेल, बटाटे आणि टपाल घेऊन एक होडी येते. त्यातले बटाटे कोरडे असतात, टपाल ओलं.

आई तुला म्हणाली असेल, "कार्टी अडतीस वर्षांची झाली आणि अजून माशांच्या मागे हिंडते." तिला सांग, मासे नव्हेत. देवमासे. मासा अंडी घालतो. ही पिल्लाला दूध पाजतात, आणि सतत त्याच्या मागे मागे असतात. तिला पटायला हवं.

काम असं: देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा शेवटी शेपटी पाण्याबाहेर येते. दोन पाती पसरतात आणि फार तर चार सेकंद तिची खालची बाजू दिसते. तिच्यावरचे काळे-पांढरे डाग आणि कडेच्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. त्या चार सेकंदांसाठी मी दिवसभर बोटीच्या टोकाला कॅमेरा घेऊन वाकून बसते. आतापर्यंत एकोणतीस शेपट्या झाल्या.

त्यातली एक आम्ही 'थोरली' म्हणतो. वयाने थोरली, अंगाने थोरली, आणि चालही तशी, लग्नघरातल्या मोठ्या जावेसारखी. उजव्या पात्यात चंद्रकोरीएवढी खाच. सध्या सोबत पिल्लू आहे, महिन्याभराचं, पण आपल्या स्वयंपाकघरात मावणार नाही.

आता मुद्द्याचं. ह्या सामुद्रधुनीतून मोठ्या मालवाहू जहाजांचा नवा मार्ग काढायचं चाललंय. अठरा मार्चला समितीपुढे सुनावणी आहे. जहाज कंपन्यांचा वकील म्हणतो, हे प्राणी वाटसरू आहेत, आज इथे उद्या तिथे, त्यांच्यासाठी जहाजांनी वळसा का घालावा? ह्या आया पिल्लांना घेऊन पिढ्यानपिढ्या इथेच येतात असं मला दाखवायचंय. माझे पद्धतशीर फोटो फक्त चार वर्षांचे आहेत. पण सतरा वर्षांची असताना ह्याच पाण्यात मी एक शेपटी टिपली होती, सोबत पिल्लू होतं, आणि तू ती तुझ्या साप्ताहिकात छापली होतीस. निगेटिव्ह तुमचं ऑफिस हलवताना गेली. ते छापलेलं पान तेवढं राहिलं असेल. पाठवशील? एकवीस वर्षांपूर्वीची ती आणि आजची थोरली एकच निघाली, तर वकिलाचं तोंड बंद होईल.

तुझी,
छबू


२० जानेवारी

चिरंजीव छबू,

पत्र मिळालं. कोपरे विरघळले होते, तेव्हा दोन ओळी मी अंदाजाने वाचल्या. तू लग्न ठरवलंस असं त्यात नव्हतं, एवढी मी खात्री करून घेतली, आणि तुझ्या आईला तसं कळवून तिचा दिवस खराब केला.

पान सोबत आहे. अंकाची शिल्लक प्रत आमच्या लोखंडी कपाटातून काढावी लागली. त्या कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे, शिपाईकाका रजेवर, आणि रजेचा अर्ज कपाटात. पण मिळालं. अंक बघून मला माझंच कौतुक वाटलं. सबंध पान दिलं होतं तुला! सतरा वर्षांच्या पोरीला! तेव्हाचे संपादक म्हणाले होते, "बाई, हे काय आहे, फुलपाखरू?" मी म्हटलं, "फुलपाखरूच आहे, फक्त चाळीस टनांचं."

आणि समितीला खुशाल सांग की पान माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. इथे मला पाठीमागे 'कात्रीबाई' म्हणतात ते उगाच नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या एका फोटोवाल्याने सूर्यास्ताच्या फोटोतून विजेची तार पुसली. एक तार! मी त्याला त्याच दिवशी घरी बसवला. सगळे म्हणाले, जाऊ द्या, चांगला मुलगा आहे. म्हटलं, आज तार पुसली, उद्या माणूस पुसेल. आमच्या अंकात जे दिसतं ते असतं. संपादकीयात सोडून.

अंगावर कोरडे कपडे घालत जा. तुमच्या त्या थोरल्या जाऊबाईंना नमस्कार सांग.

मावशी


४ फेब्रुवारी

मावशी,

आधी चांगलं सांगते, मग वाईट.

परवा सकाळी समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. मी पाण्यात उतरले होते, दोरीला धरून. खाली निळं, त्याच्याखाली अजून निळं. मग त्या निळ्याचा एक भाग जरा गडद झाला. मला वाटलं, ढगाची सावली. ती सावली वर यायला लागली. वर आली, अजून वर आली, आणि मला कळलं की मी जे बघतेय ती फक्त हनुवटी आहे. थोरली माझ्यापासून दहा हातांवर थांबली. तिचा पर, म्हणजे हाताच्या जागी असतो तो, माझ्या अंगावरून सरकला आणि मला लागू नये म्हणून तिने तो आखडून घेतला. मावशी, आखडून घेतला. गर्दीत आपण पिशवी सावरून घेतो तसा. मग डोळा आला. संत्र्याएवढा, सुरकुत्यांच्या आत. मी तिच्याकडे बघत होते, असं म्हणायची सवय आहे आपल्याला. तसं नव्हतं. ती बघत होती. कॅमेरा माझ्या हातात होता हे मला नंतर आठवलं. तरी अकरा फोटो निघालेत, बोटाने आपलं आपण काढले असावेत. पिल्लू तिच्या पोटाखालून डोकावत होतं, पाहुणे आल्यावर पदराआडून बघतात तसं.

आता वाईट. तुझं पाकीट आलं. पान कोरडं होतं. मी ते थोरलीच्या फोटोशेजारी ठेवलं आणि भिंग लावून बसले. तशीच चंद्रकोरीची खाच. तसाच पांढरा डाग, ओघळलेल्या दुधासारखा. पण खाच डाव्या पात्यात आहे, मावशी. थोरलीची उजव्या. सगळं तेच आणि सगळं विरुद्ध बाजूला.

आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, खांद्यावरून वाकून म्हणाला, "छापणाऱ्याने फोटो उलटा लावला असेल." मी त्याच्यावर इतकी खेकसले! म्हटलं, ज्या बाईने एका तारेसाठी माणूस घरी बसवला, ती अख्खा देवमासा उलटा करेल? तो बिचारा मुकाट्याने इंजिन पुसायला गेला.

तर ही दुसरी कोणी होती. आणि ती दुसरी ह्या चार वर्षांत एकदाही दिसलेली नाही. मी सतरा वर्षांची असताना जिला पाहून ठरवलं की आयुष्यभर हेच करायचं, ती आता नाही. जहाजाखाली गेली असेल, जाळ्यात गेली असेल. आणि माझ्याकडे दोन वेगवेगळ्या शेपट्या उरल्या, म्हणजे वकिलाचंच म्हणणं खरं: आज ही, उद्या ती, वाटसरू.

छबू


१५ फेब्रुवारी

प्रिय छबू,

तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. थोरलीचं वर्णन फार छान.

इकडे सगळं ठीक. ऑफिसात छताचा पंखा आवाज करतो, त्याबद्दल तक्रार दिली आहे. हवा बरी आहे. पुढच्या महिन्यापासून सहसंपादक म्हणून माझं नाव अंकावर लागणार असं संपादक म्हणतात, बघू.

फोटोबद्दल विचार केला. एकवीस वर्षं म्हणजे बराच काळ. डाग बदलत असतील का? माणसाचेही केस पांढरे होतात. एकदा एखाद्या जाणकाराला विचारून घ्यावंस.

काळजी घे.

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

तुझी तब्येत बरी आहे ना? 'वाचून बरं वाटलं', 'फार छान', 'हवा बरी आहे'. तुझं अक्षर आहे म्हणून विश्वास ठेवला, नाहीतर मला वाटलं असतं, बँकेचं पत्र आहे. आणि सहसंपादक! ही बातमी पंख्याच्या खाली लपवलीस? अभिनंदन. आईला कळवलंस का? ती शेजारणींना सांगून सांगून घसा बसवून घेईल.

जाणकार मीच आहे, गं. डाग थोडेफार फिके होतात, नवे ओरखडे येतात. खाच एका पात्यातून दुसऱ्यात जात नाही. आपल्या उजव्या कानाचं भोक डाव्यात जातं का?

मंगळवारी इथून चाचणीसाठी पहिलं मोठं जहाज नेलं. आम्हाला आधी कळवलं होतं, देवमाशांना कळवायची सोय नव्हती. सहा मजली इमारत पूर्ण वेगाने यावी तसं ते आलं. थोरली आणि पिल्लू मार्गाच्या अगदी मधोमध. पिल्लाला दूध पाजताना आई जवळजवळ हलत नाही. तांडेलाने भोंगा वाजवला, मी ओरडले, कोणाला ऐकू जाणार? शेवटच्या क्षणी तिने पिल्लाला कपाळाने बाजूला ढकललं आणि स्वतः मधे आडवी झाली. जहाज गेलं. लाटांनी आमची बोट कागदासारखी हलली. मग पाणी शांत झालं आणि कोणीच वर आलं नाही. तांडेल घड्याळ बघत होता. एकोणीस मिनिटं. मग श्वासाचे दोन फवारे, एक उंच, एक बुटका.

ह्या वेळी वाचली. पण मार्ग मंजूर झाला की दिवसाला चाळीस जहाजं.

कागद दहा मार्चपर्यंत द्यायचे आहेत. तुझं पान मी फायलीतून काढून ठेवलंय. जे जुळत नाही ते लावणार नाही. एवढं तुझ्याकडूनच शिकले.

छबू


१ मार्च

छबू,

बसून वाच. बोटीत असशील तर कशाला तरी धरून वाच.

तुझा तांडेल शहाणा आहे. फोटो आरशातल्यासारखा उलटा आहे. मी उलटा केला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. चित्रातल्या माणसाचं तोंड पानाच्या आत हवं. तोंड बाहेर असलं की वाचकाची नजर पानावरून घरंगळते, असं मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि मी तीस वर्षं पाळलं. बाहेर बघणाऱ्याला मी फिरवते. एका पुढाऱ्याचा भांग आमच्या अंकात एक आठवडा डावीकडे, एक आठवडा उजवीकडे पडायचा. त्याच्या मतांसारखाच, त्यामुळे कोणाला खटकलं नाही. तुझी शेपटी तिरकी होती, पानाबाहेर जाणारी. आणि शेजारच्या पानावर गाद्यांची जाहिरात. चाळीस टनांचं जनावर थेट गादीत बुडी मारत होतं. म्हटलं, बरं दिसत नाही. फिरवलं. मला त्यात काही केल्यासारखंच वाटलं नाही. शेपटीला कुठे डावं-उजवं असतं!

तुझं चार तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. तरी मी तुला पंख्याचं कौतुक लिहून पाठवलं. का, ते सांगते. एका तारेसाठी मी एका मुलाचं पोट काढून घेतलं, आणि मी स्वतः तीस वर्षं माणसं, पुढारी, घोडे आणि एक देवमासा उलटे करत आले. हे बाहेर आलं की कात्रीबाईचं काय राहतं? सहसंपादक व्हायला पंधरा दिवस होते. मी मनात म्हटलं, पोरीकडे चार वर्षांचे फोटो आहेतच की. एका पानाने काय होतंय.

मग तुझं पंचवीस तारखेचं पत्र आलं. ती एकोणीस मिनिटं मी तीनदा वाचली. ती आडवी झाली, आणि मी काय केलं, तर हवा बरी आहे असं लिहिलं. आणि तू पान फायलीतून काढलंस ते माझ्याकडून शिकलीस म्हणे. एवढं तिखट मी जन्मात कोणाला बोलले नसेन, आणि तू तर कौतुकाने लिहिलंस.

त्या अंकाची डमी, म्हणजे छपाईआधी पानाची कच्ची मांडणी असते ती, कपाटात सापडली. तुझ्या फोटोच्या चौकटीत माझी लाल पेन्सिल: 'फोटो फिरवा', खाली सही आणि तारीख. ती डमी आणि प्रतिज्ञापत्र आज समितीकडे माणसाच्या हाती पाठवते आहे. त्याची नक्कल तुला. संपादकांना मी सकाळी सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

तुला एकवीस वर्षं खोटी शेपटी दाखवली, आणि वर वीस दिवस तिच्या नावाने रडू दिलं. पहिलं नकळत केलं. दुसरं कळून.

मावशी


१९ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी इतकी चिडले की उत्तर लिहायला घेऊन चार कागद फाडले. त्या वीस दिवसांत मी खरोखर सुतक पाळल्यासारखी वागत होते. तांडेलाशी धड बोलले नाही. त्याची माफी मागितली तर म्हणाला, "माझ्या मावशीवर कोणी बोललं असतं तर मीही खेकसलो असतो." ते ऐकून तुझ्यावरचा राग अजूनच वाढला.

मग मी ते पान काढलं आणि खिडकीच्या काचेवर उलटं धरलं. मागून ऊन येत होतं. मागच्या पानावरची अक्षरं पुसट झाली, आणि त्यांच्यामधून ती वर आली. उजवी खाच, ओघळलेलं दूध, सगळं जिथल्या तिथे. थोरली. एकवीस वर्षांनी तरुण. मावशी, मी सतरा वर्षांची असताना जी बोटीजवळ आली होती, तीच गेल्या महिन्यात माझ्यासाठी पर आखडून गेली. आम्ही दोघी ह्या एकाच पाण्यात मोठ्या झालो आणि मला पत्ताच नाही. किती वेळ मी ते पान काचेला धरून उभी होते कोण जाणे. हात खाली घ्यावेसेच वाटेनात.

सुनावणीला शहरात गेले होते. वकिलाने तुझं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, गालात हसत. म्हणाला, "ह्या बाई सांगतात की आपण फोटोत फेरफार करतो. मग आज खरं बोलतायत हे कशावरून?" समितीच्या अध्यक्षबाई जाड चष्म्याच्या. त्यांनी डमी उजेडात धरली, लाल अक्षरं वाचली, छापलेलं पान उलटं धरलं, थोरलीचा नवा फोटो शेजारी धरला. मग म्हणाल्या, "खोटं बोलून कोणी आपलीच खुर्ची घालवत नाही, वकीलसाहेब. बसा."

डिसेंबर ते एप्रिल जहाजं बाहेरून जाणार. बाकीचे महिने आतून, पण कमी वेगाने. पाच वर्षांसाठी. मग पुन्हा बघू म्हणतात. पुन्हा भांडू.

मी अजून चिडलेली आहे. तरी ये. थोरली एप्रिलच्या मध्यापर्यंत आहे. तिची माफी तुझी तू माग, मी निरोप पोचवणार नाही.

छबू


२२ एप्रिल

छबू,

बेटावरून सुखरूप घरी पोचले. दोन दिवस जमीन हलत होती, आता थांबली.

इथली खबर: सहसंपादक दुसरे झाले. मला वाचकांच्या पत्रव्यवहारावर बसवलंय, मागच्या बाजूला पाण्याच्या फिल्टरशेजारी. पहिल्याच अंकात मी माझी चूक-दुरुस्ती छापली, एकवीस वर्षं उशिराने. त्यावर तेरा पत्रं आली. सगळी मला शिव्या देणारी, आणि ती निवडायचं काम माझंच. नऊ छापली. शुद्धलेखन बरं होतं.

त्या तारवाल्या मुलालाही फोन केला. आता लग्नांचे फोटो काढतो. म्हणाला, "बाई, इथे सगळे म्हणतात तार काढा, हनुवटी काढा, जमलं तर आत्याला काढा." हसला. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

बोटीवरच्या त्या सकाळबद्दल तुला काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तू माझ्या सोबतच होतीस. पण तुझा डोळा कॅमेऱ्याला होता, तेव्हा जे मला दिसलं ते तुला सांगायला हवं. थोरली बोटीखालून गेली. माझ्या बाजूने पाणी काळं झालं. मला वाटलं, आता संपेल. डोकं गेलं, डोळा गेला, पर गेला, मग नुसती पाठ. पाठ जात होती. मी एक श्वास घेऊन सोडला, दुसरा घेतला, आणि ती अजून जातच होती. जन्मभर मी सगळं चौकटीत बसवत आले. हिची चौकट कुठून सुरू करायची तेच मला कळेना. माफी मागायला तोंड उघडलं तोवर फवारा अंगावर आला. कुजक्या कोबीचा वास. योग्यच झालं.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी घेरलं. "किती मोठा होता हो?" म्हटलं मोठी होती, मोठी. "म्हणजे किती?" आकडा सांगितला तर माना डोलावल्या, बजेटच्या आकड्याला डोलावतात तशा. मला राग आला. मुद्रितशोधकाला उठवलं, फिल्टरपाशी उभं केलं आणि म्हटलं, तुम्ही नाक. हलायचं नाही. मग पावलं टाकत निघाले. पराची जागा आली तिथे शिपाईकाकांना हात पसरायला लावले, तरी पर केबिनच्या दारात अडला, तेव्हा संपादकांना दार उघडून त्याचं टोक व्हावं लागलं. मांडणीवाली पोरगी म्हणाली, "पिल्लू मी होणार," आणि पोटाशी जाऊन वाकून उभी राहिली. मी पुढे निघाले. प्रूफांची टेबलं संपली. पाहुण्यांचा बाक संपला. दार आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अजून?" पायऱ्या उतरले, फुटपाथ ओलांडला आणि रस्त्यावर उभी राहिले. तिथे शेपटी.

मागे वळून पाहिलं. सगळे आपापल्या जागी, एका ओळीत, नाकापासून माझ्यापर्यंत. कोणी हसत नव्हतं. शिपाईकाकांचे हात अजून पसरलेले. ते तसेच उभे राहून दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत होते.

तेवढ्यात मालाचा एक ट्रक येऊन माझ्यापुढे थांबला. दोनदा हॉर्न दिला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ बाई, रस्त्यात काय उभ्या राहिलात? पलीकडे व्हा!"

म्हटलं, "जरा दम धरा. हिच्यासोबत पिल्लू आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, उघड्या दारातून आत, ओळीतल्या एकेका माणसाकडे, पार फिल्टरपर्यंत. बराच वेळ पाहिलं. काय समजला कोण जाणे. त्याने इंजिन बंद केलं.

मावशी